खुर्ची रिकामी, रांग चौदा जणांची

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले, ‘२०१९ साली शिकागोच्या महापौरपदाची जागा खुली झाली आणि चौदा जण उभे राहिले.’ एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मी राजकारणाची अभ्यासक नव्हे. साताऱ्याहून १९८६ साली इथे आले, एका गोदामवाल्या कंपनीत हिशेब लिहीत निवृत्त झाले आणि आता निवडणूक आली की मतदान केंद्रावर कामाला बसते. तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं आणि इथल्या पेपरांत रोज वाचलेलं, एवढ्याच भांडवलावर ही उत्तरं.

प्रश्न : शिकागोची जागा ‘खुली’ झाली, म्हणजे त्याआधी ती राखीव होती का? तिकडेही मंत्रालयात चिठ्ठ्या काढतात का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : गुरुजी, चूक माझी. इतकी वर्षं इथे राहून जीभ बिघडते ती अशी. इंग्रजी शब्द उचलला आणि जसाच्या तसा मराठीत आणून ठेवला. आपल्याकडे ‘खुली जागा’ म्हटलं की माणसाला खुला प्रवर्गच आठवणार, हे लक्षातच आलं नाही. इथे महापौरपदाला आरक्षण नाही. मला म्हणायचं होतं ते एवढंच, की खुर्चीवर बसलेला माणूस स्वतः पुन्हा उभा नव्हता. रिकाम्या खुर्चीची निवडणूक म्हणू या.

त्यात एवढं काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. शिकागोत आहे. इथल्या महापौराने किती वेळा निवडून यावं याला कायद्याने मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे एकदा बसलेला सहसा आपण होऊन उठत नाही. त्याला लोक तरी उठवतात, नाहीतर यम. रिचर्ड जे. डेली १९५५ साली बसले, ते १९७६ च्या डिसेंबरात वारले तेव्हाच जागा सुटली. त्यांचे चिरंजीव रिचर्ड एम. डेली १९८९ ते २०११ बसले, बावीस वर्षं, म्हणजे बापापेक्षाही जास्त. चिरंजीवांनी २०१० च्या सप्टेंबरात ‘मी उभा राहत नाही’ असं जाहीर केलं तेव्हा पेपरवाल्यांनी जुनी दप्तरं काढली. चालू महापौर रिंगणात नाही अशी आधीची निवडणूक सापडली ती १९४७ सालची! मग राम इमॅन्युएल आले. (आईला फोनवर नाव सांगितलं तर ती म्हणाली, “बरं झालं बाई, तुमच्याकडे तरी रामराज्य येऊ दे.”) दोन मुदती झाल्या आणि ४ सप्टेंबर २०१८ ला त्यांनीही तिसऱ्यांदा उभं राहणार नसल्याचं सांगून टाकलं. चौसष्ट वर्षांत एकदाही न झालेली गोष्ट आठ वर्षांत दोनदा झाली.

चिठ्ठीचं म्हणाल तर ती आहे, पण भलत्याच कामाला. अर्ज भरण्याच्या पहिल्या दिवशी कचेरीचं दार उघडताना जे रांगेत हजर असतात, त्यांच्यात चिठ्ठी टाकून मतपत्रिकेवर पहिलं नाव कोणाचं हे ठरवतात. त्यासाठी नोव्हेंबरच्या गारठ्यात उमेदवारांची माणसं पहाटेपासून येऊन उभी राहतात. चौदा नावांच्या यादीत पहिलं असणं म्हणजे काय, हे मतमोजणी पाहिलेल्याला विचारावं.

प्रश्न : मी मुंबई महापालिकेत नोकरी केली. आमच्या महापौरांची गाडी लाल दिव्याची असायची, बंगला मोठा, पण सही आयुक्तांची. तुमच्या महापौरांचं तसंच का? (अंधेरी)

उत्तर : साहेब, तुमचे महापौर, तुमचे आयुक्त आणि तुमच्या स्थायी समितीचे अध्यक्ष हे तिघं एकाच माणसात घाला, म्हणजे शिकागोचा महापौर होईल. त्याला नगरसेवक निवडत नाहीत, लोक थेट मत देतात. पोलीस प्रमुख तो नेमतो, खात्यांचे प्रमुख तो नेमतो, अंदाजपत्रक तो मांडतो. २०१९ साली तर शहराच्या शाळांचं मंडळही त्याच्याच नेमणुकीचं होतं. गंमत म्हणजे कागदावर इथे सभागृह बळकट आणि महापौर दुबळा अशी रचना आहे. कागदावर.

नगरसेवक पन्नास, वॉर्ड पन्नास. त्यांना ‘ऑल्डरमन’ म्हणायचे. आता राज्याच्या कायद्याने ‘ऑल्डरपर्सन’ झालं, पण आमच्या गल्लीत अजून जुनंच चालतं. एक अलिखित रिवाज असा, की ज्याच्या वॉर्डात बांधकाम, त्याचा शब्द शेवटचा. दुकानाची पाटी असो की इमारतीचा मजला, ऑल्डरमन नाही म्हणाला की इतर एकोणपन्नास जण तोंड फिरवतात. हा रिवाज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रश्न : महापौरांचा पगार किती? (वाचक, अकोला)

उत्तर : २०१९ साली वर्षाला २,१६,२१० डॉलर. निवडणुकीवर उधळलेले डॉलर त्यापुढे मोजू नयेत.

प्रश्न : इमॅन्युएल यांनी माघार का घेतली? (पत्रकारितेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : त्यांनी आपल्या तोंडाने कारण सांगितलं ते नेहमीचं, आता आयुष्याचा पुढचा अध्याय वगैरे. पण बाळ, तू पत्रकार होणार आहेस, तर तारखा शेजारी शेजारी मांडून बघ.

२० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री लक्वान मॅक्डॉनल्ड नावाच्या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला जेसन व्हॅन डाइक या गोऱ्या पोलिसाने सोळा गोळ्या घातल्या. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं. ७ एप्रिल २०१५ ला इमॅन्युएल दुसऱ्यांदा निवडून आले. त्यानंतर आठ दिवसांनी सभागृहाने त्या मुलाच्या कुटुंबाला पन्नास लाख डॉलर द्यायला मंजुरी दिली. चित्रफीत मात्र कोर्टाने हुकूम दिल्यावर बाहेर आली, २४ नोव्हेंबर २०१५ ला. पोलिसांनी आधी सांगितलं होतं की मुलगा चाकू घेऊन अंगावर आला. चित्रफितीत तो दूर चालत जाताना दिसत होता. त्या आठवड्यात ऐन सणाच्या खरेदीत लोकांनी मिशिगन अ‍ॅव्हेन्यूची दुकानं अडवली. मी त्या वेळी तिथून घरी परतत होते. बस पुढे सरकेना, आणि ड्रायव्हरने सरळ इंजिन बंद करून हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले. कोणी त्याला चल म्हणालं नाही.

आणि व्हॅन डाइकचा खटला सुरू व्हायचा होता ५ सप्टेंबर २०१८ ला. इमॅन्युएल यांची घोषणा ४ तारखेची. खुनाचा गुन्हा सिद्ध झाला ऑक्टोबरात. पावणेसात वर्षांची शिक्षा सुनावली २०१९ च्या जानेवारीत, म्हणजे प्रचाराच्या ऐन भरात. पोलिसांना आवर कोण घालणार, हा प्रश्न मग कोणत्याच उमेदवाराला टाळता येईना.

प्रश्न : परगावचा माणूस येऊन उभा राहू शकतो का? (सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : नाही. निदान वर्षभर शहरात राहिलेला असावा लागतो. आणि ‘राहणं’ म्हणजे काय, यावर इथे जे महाभारत झालं ते पुणेकरांनी ऐकायलाच हवं, कारण त्यात भाडेकरू आहे.

हे २०१० सालचं. इमॅन्युएल तेव्हा वॉशिंग्टनला ओबामांचे चीफ ऑफ स्टाफ होते आणि शिकागोचं घर त्यांनी भाड्याने दिलं होतं. डेलींनी खुर्ची सोडली म्हटल्यावर हे धावत आले, तर भाडेकरू म्हणाला, माझा करार बाकी आहे, मी हलत नाही. एवढ्यावर थांबला नाही. त्याने स्वतःच महापौरपदाचा अर्ज भरला! पुढे मागे घेतला, पण घरमालकाच्या विरोधात भाडेकरू निवडणुकीला उभा, ही पायरी आपल्या पेठांतही कोणी गाठली नसेल. मग हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. आपण हे घर सोडलेलंच नाही हे पटवायला इमॅन्युएल यांनी सांगितलं, की तळघरात आमच्या खोक्यांत बायकोचा लग्नातला पोशाख आहे. २४ जानेवारी २०११ ला वरच्या कोर्टाने त्यांचं नाव यादीतून काढलं. तीन दिवसांनी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ते परत घातलं. महिनाभरात ते पंचावन्न टक्के मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले.

प्रश्न : चौदा उमेदवार म्हणजे कोणीही उठावं आणि उभं राहावं, असं आहे का? (नाशिक)

उत्तर : उलट आहे. दारात मोठी चाळणी बसवलेली आहे. महापौरपदासाठी साडेबारा हजार मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. त्याही बोटावर मोजून आणल्या तर संपलंच, कारण प्रतिस्पर्ध्याचे वकील एकेक सही भिंगाखाली घालतात. हा मतदार नोंदलेला नाही, याचा पत्ता शहराबाहेरचा, ही सही त्याची नव्हेच. म्हणून शहाणा उमेदवार गरजेच्या दुप्पट-तिप्पट गोळा करतो. विसेक जणांनी अर्ज भरले, त्यातले चौदा उरले. रिंगणातल्या बड्या उमेदवार टोनी प्रेकविंकल यांच्या माणसांनी, शेवटी महापौर झालेल्या लोरी लाइटफूट यांच्या सह्यांवरही हरकत घेतली होती आणि मग सोडून दिली. पुढे काय झालं ते पाहता ती हरकत प्रेकविंकलबाईंना स्वप्नात दिसत असेल.

ही चाळणी ज्यांच्याकडे माणसांची फौज आहे त्यांच्यासाठीच बांधलेली. इथे त्या फौजेला ‘मशीन’ म्हणतात. अ‍ॅब्नर मिक्व्हा म्हणून पुढे मोठे न्यायाधीश झालेले गृहस्थ होते. १९४८ साली कॉलेजात असताना ते वॉर्डातल्या पक्षकचेरीत फुकट काम करायला गेले. आतल्या माणसाने विचारलं, तुला कोणी पाठवलं? हे म्हणाले, कोणी नाही. “कोणी न पाठवलेला आम्हाला कोणी नको,” म्हणून त्याने यांना वाटेला लावलं. हा किस्सा शिकागोत पोरासोरांना माहीत आहे.

आणि एक बारीक गोष्ट. इमॅन्युएल खुर्चीवर असतानाच उभे राहण्याचं धाडस लाइटफूट, पॉल व्हॅलस, गॅरी मॅकार्थी, विली विल्सन अशांनी केलं होतं. प्रेकविंकल, बिल डेली, सुझाना मेंडोझा, गेरी चिको ही बडी नावं खुर्ची रिकामी झाल्यावर आली. मेंडोझाबाईंचं तर राज्याच्या दुसऱ्याच पदासाठी मतदान व्हायचं होतं, त्याआधीच त्यांची महापौरपदाची जाहिरात बाहेर फुटली. आणि बिल डेली? हो, तेच डेली. एका महापौराचा मुलगा, दुसऱ्याचा भाऊ. घराणेशाहीबद्दल अमेरिकन माणूस आपल्याला नाक मुरडून बोलायला लागला की मी हे नाव घेते.

प्रश्न : साडेसतरा टक्के मतं मिळालेली बाई महापौर कशी होते? हे कसलं बहुमत? (चार्टर्ड अकाउंटंट, ठाणे)

उत्तर : हिशेबाचा माणूस भेटला, बरं वाटलं. इथे महापौरपदाची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. १९९९ पासून तसं आहे. सगळे एकाच यादीत. कोणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर तो आला. नाही मिळाली तर पहिल्या दोघांची पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा लढत.

२६ फेब्रुवारी २०१९ ची पहिली फेरी अशी : लाइटफूट साडेसतरा टक्के, प्रेकविंकल सोळा, बिल डेली पावणेपंधराच्या आसपास, विल्सन साडेदहा, मेंडोझा नऊ. बाकीचे खाली. सत्तावीस लाखांचं शहर, मतदान पस्तीस टक्के, आणि पहिल्या क्रमांकाला लाखभर मतंही नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्यात अंतर सात हजारांचं. नैर्ऋत्येकडच्या आयरिश वस्तीत जेरी जॉइस नावाचे एक वकील उभे होते, त्यांनी सात टक्के खाल्ले. ते नसते तर दुसऱ्या फेरीत डेली असते आणि शहराचा इतिहास निराळा झाला असता, असं इथले जाणकार म्हणतात. मला पटतं.

पण नुसती बेरीज सांगून भागणार नाही. तीन महिने आधी कोणी लाइटफूट यांचं नाव घेत नव्हतं. माजी सरकारी वकील, पोलिसांवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या माजी अध्यक्ष. कधी कुठली निवडणूक लढवलेली नाही. त्यांचं नशीब उघडलं ते एड बर्क यांच्यामुळे. बर्क म्हणजे १४ व्या वॉर्डाचे ऑल्डरमन, १९६९ पासून. सभागृहाच्या वित्त समितीची किल्ली त्यांच्या कंबरेला. २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या तपासयंत्रणेने त्यांच्या कचेरीवर छापा घातला. काचेच्या दारांना आतून खाकी कागद चिकटवले, ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे होतं. ३ जानेवारीला आरोप बाहेर आला : वॉर्डातल्या एका बर्गरच्या दुकानाची दुरुस्ती अडवली आणि आपल्या वकिली कचेरीला काम द्या म्हणून दबाव आणला. मघाशी सांगितलेला रिवाज आठवला ना? त्यातून हे पीक येतं. (२०२३ च्या डिसेंबरात बर्क दोषी ठरले, दोन वर्षांची शिक्षा झाली.)

आरोपपत्रात प्रेकविंकल यांच्यासाठी मागितलेल्या देणगीचाही उल्लेख निघाला. बर्क यांच्या घरी त्यांच्यासाठी निधी जमवला होता. एक लाख सोळा हजार डॉलर त्यांनी परत करायचं ठरवलं. बड्या नावांपैकी चौघांचे बर्क यांच्याशी कुठे ना कुठे धागे होते. ज्यांचा धागाच नव्हता अशा लाइटफूट अचानक उजेडात आल्या.

शिवाय प्रेकविंकल यांच्या डोक्यावर सरबताचा कर होता. त्या कुक काउंटीच्या, म्हणजे शिकागो ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या, मंडळाच्या अध्यक्ष, आणि २०१७ साली गोड पेयांवर औंसाला एक सेंट कर लावण्यात त्यांचा हात. चार महिन्यांत तो रद्द करावा लागला. माझी शेजारीण, एरवी कूपन घेऊन दहा सेंट वाचवणारी, त्या चार महिन्यांत अर्ध्या तासाचं पेट्रोल जाळून शेजारच्या काउंटीतून सोड्याचे डबे आणायची. निवडणुकीत ती पोलीस, शाळा, बर्क काही बोलली नाही. ‘सोडावाली नको,’ एवढंच.

प्रश्न : तिकडे जात नाही म्हणतात. मग मतं कशावर पडतात? (नागपूर)

उत्तर : जात नाही, वर्ण आहे, आणि तो वॉर्डाच्या नकाशावर छापल्यासारखा दिसतो. उत्तरेला तळ्याकाठी गोरी वस्ती, दक्षिणेला आणि पश्चिमेला कृष्णवर्णीय, मधल्या पट्ट्यांत लॅटिनो.

याचं मूळ १९८३ मध्ये बघा. तेव्हा पक्षांतर्गत लढत तिघांची : महापौर जेन बर्न, धाकटे डेली आणि हॅरल्ड वॉशिंग्टन. दोन गोऱ्यांत मतं फुटली आणि छत्तीस टक्क्यांवर वॉशिंग्टन पुढे निघाले. या शहरात डेमोक्रॅट पक्षाची उमेदवारी म्हणजे निवडणूक जिंकलीच. पण उमेदवार काळा म्हटल्यावर हजारो जुने डेमोक्रॅट रात्रीत रिपब्लिकन झाले. बर्नार्ड एप्टन यांची जाहिरात होती, ‘वेळ निघून जाण्यापूर्वी’. वॉशिंग्टन थोडक्यात निवडून आले, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. मग सभागृहात एकोणतीस विरुद्ध एकवीस. एकोणतिसांनी त्यांचं प्रत्येक काम अडवलं. त्यांच्या दोन म्होरक्यांपैकी एक एड बर्क, तेच वर आलेले!

मी इथे आले तेव्हा वॉशिंग्टनच महापौर होते. २५ नोव्हेंबर १९८७, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, ते कचेरीत टेबलापाशीच कोसळले. संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईने पर्समधून त्यांच्या प्रचाराचा निळा बिल्ला काढला, कोटाला लावला आणि खिडकीकडे तोंड करून रडत बसली. मला इंग्रजी नीट येत नव्हतं. मी तिला रुमाल दिला. माझ्यासाठी शिकागोचं राजकारण तिथे सुरू झालं.

म्हणून २०१९ चं नवल वाटतं. दुसऱ्या फेरीत उभ्या होत्या दोन कृष्णवर्णीय बायका. आणि कृष्णवर्णीय वॉर्डांनी पहिल्या फेरीत दोघींपैकी कोणालाच मनापासून उचललं नव्हतं. तिथल्या अनेक वॉर्डांत पहिले होते विल्सन, लोकांची बिलं आणि कर स्वतःच्या खिशातून भरणारे व्यापारी. विल्सन यांनी मग लाइटफूट यांना पाठिंबा दिला. २ एप्रिलला त्यांना सुमारे चौऱ्याहत्तर टक्के मतं पडली. पन्नासच्या पन्नास वॉर्ड त्यांचे. प्रेकविंकल जिथून एकोणीस वर्षं निवडून यायच्या, तो ४ था वॉर्डही.

प्रश्न : माझा मुलगा शिकागोला असतो, नेपरव्हिलला. ग्रीन कार्ड मिळालं आहे. त्याने कोणाला मत दिलं ते काही सांगत नाही. तुम्हाला काही कळलं का? (डोंबिवली)

उत्तर : काकू, मुलावर रागावू नका. त्याने कोणालाच दिलेलं नाही. एक तर ग्रीन कार्डावर मत देता येत नाही, नागरिक व्हावं लागतं. दुसरं म्हणजे नेपरव्हिल हे शिकागो नव्हे. निराळं गाव आहे ते, निराळे महापौर. तुम्ही कल्याण-डोंबिवलीत राहून मुंबईचा महापौर निवडत नाही, तसंच.

इथले बहुतेक मराठी लोक असेच नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग इकडे पसरलेले. गणपतीला भेटलो की शिकागोच्या गुन्हेगारीवर सगळ्यांची मतं ठाम असतात. मतदार मात्र हॉलमध्ये मोजून चार-पाच. मी त्यांना हे बोलून दाखवलं तेव्हा एका गृहस्थांनी मला आग्रहाने आणखी एक मोदक वाढला आणि विषय बदलला.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, पाच वेळा निवडणूक ड्युटी केली आहे. तुमच्याकडे केंद्रावर काय काय करावं लागतं? (कागल, जि. कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून हात मिळवावासा वाटला. इथे ड्युटी लागत नाही, आपण नाव द्यायचं. आम्हाला म्हणतात ‘इलेक्शन जज्ज’. साताऱ्याला भावाने हे ऐकून गल्लीभर सांगितलं, बहीण अमेरिकेत जज्ज झाली! केंद्रावर असे पाच जज्ज, दोन्ही पक्षांकडे कल असलेले मिळून. पहाटे पाचला हजर व्हायचं, सहाला दार उघडायचं, संध्याकाळी सातला बंद. त्या वर्षी जानेवारीअखेर पारा उणे तिसाखाली गेला होता, फेब्रुवारीतही रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून तसाच होता. इथे महापौराची निवडणूक मुद्दाम फेब्रुवारीत ठेवली आहे, असं जुनी माणसं सांगतात. थंडीत मशीनची माणसंच तेवढी बाहेर पडतात. पण बर्फ उलटतोही. १९७९ च्या जानेवारीत रस्ते साफ झाले नाहीत आणि महापौर मायकल बिलँडिक पुढच्याच महिन्यात निवडणुकीत पडले.

आमचं केंद्र एका चर्चच्या तळघरात होतं. बाहेर शंभर फुटांवर निळे शंकू ठेवायचे, त्याच्या आत प्रचार बंद. तुमच्यासारखी बोटाला शाई नाही. ओळखपत्रही सहसा मागायचं नाही! माणूस नाव-पत्ता सांगतो, सही करतो, ती नोंदीतल्या सहीशी ताडून बघायची. पहिल्या वर्षी मला हे फार जड गेलं. समोर उभ्या माणसाकडे कार्ड मागू नये म्हणजे काय? बाजूला बसलेला निवृत्त बसड्रायव्हर म्हणाला, “त्याला खोटं बोलायचं असतं तर एवढ्या थंडीत तो आला असता का?” हे उत्तर नियमात बसणारं नाही, पण मला पुरलं.

मतपत्रिकेवर त्या वर्षी प्रत्येक नावापुढे तुटका बाण होता. शेपूट आणि टोक यांच्यामधली रेघ पेनाने जोडायची. चौदा बाण, चौदा फटी. एका आजोबांनी दोन रेघा जोडल्या आणि यंत्राने पत्रिका परत ओकली. मी समजावलं, एकालाच द्यायचं. ते म्हणाले, “मग दुसरा मला का आवडावा?” नवी पत्रिका दिली, पंधरा मिनिटं आत होते.

इथे हिंदीतूनही मतपत्रिका असते, सरकारी नियमाने, कारण या काउंटीत भारतीय वस्ती बरीच. डेव्हन रस्त्याच्या बाजूच्या केंद्रांवर ती उपयोगी पडते. माझ्याकडे त्या दिवशी ती एकानेही मागितली नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर मीच एक कोरा नमुना उघडून सूचना वाचत बसले. तळघर, वर ऑर्गनचा सराव चाललेला, डब्यात थालीपीठ आणि समोर देवनागरी अक्षरं. भाषांतर वाईट होतं. तरी दोनदा वाचलं.

त्या रात्री आमच्या वॉर्डातही उलथापालथ झाली. ४९ व्या वॉर्डाचे जो मूर अठ्ठावीस वर्षं ऑल्डरमन होते. मरिया हॅडन यांनी त्यांना सरळ हरवलं. यंत्रातून निघालेली लांब पट्टी आम्ही पाचांनी सह्या करून दाराला चिकटवली, तेव्हा बाहेर उभा असलेला मूर यांचा कार्यकर्ता ती वाचून म्हणाला, “आता माझ्या गल्लीतला बर्फ कोण काढणार?”

प्रश्न : तुम्ही कोणाला मत दिलंत? आणि त्या बाईंचं पुढे काय झालं? (बेळगाव)

उत्तर : पहिल्या फेरीत कोणाला दिलं ते सांगत नाही, ते हरले. दुसऱ्या फेरीत लाइटफूट यांना. प्रेमाने नव्हे. समोर पर्याय होता त्यापेक्षा बऱ्या म्हणून.

आणि माझ्यासारखेच लाखो होते, हेच मला या सगळ्यात सांगायचं होतं. चौऱ्याहत्तर टक्के आणि पन्नास वॉर्ड पाहून बाईंना वाटलं, शहर आपलं. पेपरांनाही वाटलं. पण त्यांची स्वतःची मतं होती ती साडेसतरा टक्के. बाकीची माझ्यासारख्यांनी उसनी दिलेली. २० मे २०१९ ला शपथ घेतली त्याच दिवशी त्यांनी ऑल्डरमनांच्या त्या अलिखित हक्काला कात्री लावणारा हुकूम काढला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सभागृहातल्या अनेकांना दात-ओठ खावेसे वाटले असणार. ऑक्टोबरात शिक्षकांचा संप, अकरा दिवस शाळा बंद. मग करोना. सुरुवातीला रागाने बघणाऱ्या लाइटफूट यांची चित्रं लोकांनी कौतुकाने फिरवली, ‘घरात बसा’ म्हणून. मग दंगली, मग गुन्ह्यांची चढती संख्या, आणि प्रत्येकाशी भांडण.

२०२३ च्या फेब्रुवारीत त्या पुन्हा उभ्या राहिल्या. नऊ उमेदवार. मिळाली जेमतेम सतरा टक्के मतं, क्रमांक तिसरा. चार वर्षांपूर्वी जेवढी होती जवळजवळ तेवढीच! साडेसतरा आले होते, सतरा राहिले; उसने देणाऱ्यांनी आपापले परत घेतले. आणि २०१९ साली पाच टक्क्यांवर पडलेले पॉल व्हॅलस या वेळी तेहेतीस टक्के घेऊन पहिले आले. दुसऱ्या फेरीत त्यांना हरवून ब्रँडन जॉन्सन महापौर झाले.

फेब्रुवारीतल्या पहिल्या फेरीच्या रात्री पट्टी मीच वाचून दाखवत होते. लाइटफूट यांचा आकडा आला तेव्हा बसड्रायव्हरने वहीत काहीतरी शोधलं. २०१९ चा आमच्या केंद्राचा आकडा त्याने लिहून ठेवला होता. दोन्ही त्याने शेजारी शेजारी मांडले आणि माझ्याकडे वही सरकवली. आता पुढची फेरी २३ फेब्रुवारी २०२७ ला. मी नाव देणार आहे. तो म्हणतो, गुडघे बरे असले तर बघू.